पहिली गुंडी दगडाची

पांढरकवडा
२१ जून २०२५

विजू,

सप्रेम जयभीम. तीन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून कागद घेतला. फोन न पाहता कापता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात धरावं लागतं, आणि तेवढ्यात एखादी ओळ डोळ्यांत शिरतेच. दुकान चालवून एवढं तरी शिकलो.

भांडणाचं काही लिहिणार नाही. पंपाचं लिहितो.

आंबेखोऱ्याच्या पोडावरचा, टेकडीवरच्या त्या वस्तीतला, सोलर पंप बिघडला. हो, तोच, ज्याच्यापायी तू बॅग उचलून गेलीस. परवा भुरीबाईचा निरोप आला, "श्रावण मिस्त्रीले सांगा, तुहा पंप रडून राह्यला." भुरीबाई आठवते ना? पोडातली सगळ्यात म्हातारी बाई. तुला भाजलेली मोहाची फुलं चारली होती आणि दोन दिवस तुझं पोट बिघडलं होतं.

झरी गावापासून टेकडी चढून गेलो. वर टाकीजवळ पोचेस्तोवर दम लागला, आता लागतो. ऊन होतं तोवर मोटर झकास चालत होती. मग ढग आले, प्लेटांवर सावली पडली, मोटर मंदावली, आणि ती थांबता थांबता आवाज सुरू झाला. टिक, टिक, टिक, आणि शेवटी वाळलेल्या बिजागरीसारखं एक लांब किर्रर्र. मी हसलो. वेग उतरताना कुरकुरतं ते बेअरिंग. दुसरं काय असणार?

तरी पेचकस लावून पाहिला. टोक मोटरच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे बंद. माय-बाप गेल्यावर तुला सायकलच्या दांडीवर बसवून विहिरी-विहिरी हिंडायचो, तेव्हा तुलाही हेच शिकवलं होतं. सात वर्षांची होतीस. मारोतरावांच्या विहिरीवर डोळे मिटून म्हणालीस, "दादा, हिच्या पोटात खडा आहे." खोललं तर इम्पेलरच्या पात्यांत खडा! मारोतरावांनी तुला पेरू दिला. मोटर खोलली मी, पेरू तुला.

दोन्ही बेअरिंगं बदलून आलो. काम झालं.

अर्पिताचा फोन आला होता. तुझ्यासोबत बेडकांवर काम करणारी, तीच. तुझा लेख परत आला म्हणाली. एकच बेडूक, एकच रेकॉर्डिंग, आणि जागेवर आता पंप; एवढ्यावर नवी जात मानता येत नाही, असं तपासणाऱ्यांनी लिहिलं म्हणे. वाईट वाटलं. एवढंच.

तुझा दादा


पांढरकवडा
५ जुलै २०२५

विजू,

बेअरिंग नव्हतं.

आधी सांगतो ते हसण्यासारखं आहे, हस. पहिल्यांदा बदलून आलो, चार दिवसांनी पुन्हा निरोप. म्हटलं, माल खराब निघाला. चांगल्या कंपनीची बेअरिंगं घेऊन गेलो, शाफ्टची लाइन तपासली, फाउंडेशनचे बोल्ट आवळले, खाली जाड रबर घातलं. वर ढग आले, आणि टिक, टिक, टिक. भुरीबाई उखळाजवळून ओरडली, "मिस्त्री, आता तुले कमी ऐकू येते का गा?"

या दोन तालुक्यांत माझ्या कानाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. झोंबलं.

काल तिसऱ्यांदा गेलो. ठरवूनच गेलो की अख्खी मोटर खोलून दुकानात आणायची. दुपारचे तीन वाजले असतील. कपारीखाली, विहिरीच्या काठावर गोणपाट अंथरलं, मोटर काढली, दोन तुकडे करून त्यावर ठेवली. बिडी पेटवणार तेवढ्यात सागवानाच्या पानांवर टपटप सुरू झाली, उजेड उतरला.

आणि आवाज आला.

विजू, मोटर माझ्या मांडीजवळ पडलेली. उघडी, मुकी. तिची बेअरिंगं माझ्या तळहातावर. आणि आवाज आला, टिक, टिक, टिक, किर्रर्र. बिडी विझली ते कळलं नाही.

मान वळवली. मोटरच्या मागं उभा दगड आहे, कपारीचा, दोन पुरुष उंच, शेवाळलेला. वरच्या टाकीकडून त्यावर पाणी पाझरतं. एवढी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून काम करत आलो. वाकून पाहिलं, काही दिसेना. मग दगडाचाच एक टवका फुगला. गळा होता तो. अंगठ्याच्या नखाएवढा जीव, ओल्या दगडाच्या रंगाचा, डोळ्याभोवती पितळी तारेएवढी बारीक कडी. तो थांबला की डावीकडून दुसरा बोलायचा, मग वरून तिसरा. प्रत्येकाची किर्र वेगळी. एकाची आखूड, एकाची फाटकी, एकाची शेवटी वर जाणारी. डोळे मिटून मोजले. नऊ.

पुढचं लिहिताना वाटतं की तू म्हणशील, दादानं बिडीत काही घातलं होतं. बेडकाची पिल्लं डबक्यात असतात, हे मलाही माहीत आहे. ही उभ्या दगडावर होती. कागदाएवढा पातळ पाण्याचा पापुद्रा खाली उतरत होता आणि त्यात काळी काळी शेपटीवाली पिल्लं, काहींना मागचे पाय फुटलेले, दगडाला पोट चिकटवून झटका देत देत वर चढत होती. झटका, थांब, झटका. पाणी खाली, पिल्लं वर.

मी पेचकसाचं टोक हळूच दगडाला टेकवलं, पिल्लांपासून लांब. मूठ कानाला. एवढ्या मोटरी ऐकल्या, अशी चालणारी वस्तू ऐकली नाही. आत कुठंतरी खोल पाणी ठिबकत होतं, त्याच्या वर नऊ गळ्यांची थरथर होती, आणि या दोन्हींच्या मधे बारीक, अगदी बारीक, शेकडो शेपट्या आपटल्याचा आवाज. दगड चालू होता, विजू. बंद करायचं बटण नसलेला.

गुडघे दुखेपर्यंत तसाच बसलो. मग मोटर जोडली आणि उतरलो.

दादा


पांढरकवडा
१३ जुलै २०२५

विजू,

तुझं उत्तर नाही. आलं नाही तरी लिहितो, कारण एक गोष्ट मला झोपू देईना.

बेडूक राहिले कसे? दगडातून येणारं झिऱ्याचं पाणी मी विहिरीत अडवलं, विहिरीतून वर टाकीत चढवलं. उन्हाळ्यात दगडाला थेंब मिळायला नको. पिल्लांना तर रोज ओल पाहिजे. मोटरमधलं कोडं असतं तर खोलून पाहिलं असतं. दगड खोलता येत नाही, म्हणून पहाटेची गाडी पकडली आणि उजाडायच्या सुमारास टाकीजवळ जाऊन बसलो.

टाकी कपारीच्या अगदी डोक्यावर आहे, तुला माहीतच. बाया आल्या. पहिली आली तानाबाई; पंप व्हायच्या आधी पाण्याचा गुंड घेऊन कपारीतून चढताना जिचा पाय मोडला होता ती. नळाखाली लहान गुंडी भरली, चार पावलं चालली, आणि कड्यावरून खाली, सरळ दगडावर, ओतून दिली. मग परत येऊन घरचा गुंड भरायला बसली. तिच्या मागची आली, तिनंही तेच. तिच्या मागचीनंही.

माझ्या डोक्याची शीर उठली. टाकीवर मी स्वतः, लाल रंगात, पाटी लिहिली आहे.

"काय करून राह्यल्या हे? पाटी दिसत नाही का?"

"दिसते ना," भुरीबाई म्हणाली. "मले वाचता येत नाही."

"ज्यांना येते त्यांनी सांगितलं नाही?"

"मले येते," तानाबाई म्हणाली. "'पाणी सांडू नये' लिवलं हाय. आमी सांडत नाही. देतो."

"कोणाले?"

"दगडाले. आधी दगडाची गुंडी, मंग आपली."

"काहून?"

भुरीबाईनं माझ्याकडे पाहिलं, मोटरला वायर कायले लागते असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी पाहतो तसं. "पाणी त्याच्याच घरून येते ना, बाबू. पाव्हण्यानं आधी घरधन्याले विचारावं का नाही?"

पूर्वी झिऱ्यावर भरायच्या तेव्हाही हीच रीत होती. पहिली गुंडी दगडावर, मग भरणं. फक्त याच पोडाची. टेकडीपलीकडच्या पोडात नाही. पंप आला, झिरा टाकीत गेला, तर यांनी रीतही टाकीवर आणली. चौतीस घरं, चौतीस गुंड्या, रोज सकाळी. उन्हाळ्यातसुद्धा. माझ्या पाटीखालून.

आणि गेल्या तीन वर्षांत टाकीजवळची ओल पाहून, पाणी सांडता म्हणून मी किमान दहा वेळा त्यांच्यावर खेकसलो असेन.

दादा


पांढरकवडा
२४ जुलै २०२५

विजू,

तुझं पाकीट आलं. तीन ओळी, खाली सही नाही: "कशालाही हात लावू नको. दर वेळी वेळ, तापमान, ढग, पाऊस लिहून ठेव. फोन दगडापासून हातभर लांब धर आणि बोलू नको."

बोलू नको! तुझा दादा, आणि बोलू नको. तरी पाळलं. अकरा रेकॉर्डिंगं अर्पिताच्या फोनवर पाठवली आहेत. सातव्यात मधेच शिंक आहे, ती माझी. नवी जात समजू नका.

तुझ्या कागदाचं वास्तविक मी लॅमिनेशन करणार होतो. लोक हसतील म्हणून खिशात ठेवला.

आता जे तीन पत्रांत टाळलं ते लिहितो. तुला सगळं माहीतच आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे नाही.

२०२१ च्या जुलैत तुझं कॉलेज बंद होतं म्हणून तू घरी होतीस, माझ्यासोबत आंबेखोऱ्याला आलीस. कपारीखाली आपण उभे होतो. तुझ्या आधी मला ऐकू आलं. मीच तुझा खांदा धरून म्हणालो, "विजू, हे काय बोललं?" तू तो आवाज फोनमध्ये घेतलास, एक बेडूक सापडला तो नेलास, वर्षभर पुस्तकं उलथीपालथी केलीस. मग पुढच्या एक मेला पोडाच्या ग्रामसभेत उभी राहून एवढंच मागितलंस, की या जिवाचं नाव कोणत्याच पुस्तकात नाही, पंप बसवायचा एक पावसाळा थांबवा, मला अजून पाहू द्या.

पोडाचा नाईक बादल माझ्याकडे वळला. "मिस्त्री, तू होता ना बहिणीसंग? तुले आलं का काही ऐकू?"

मी म्हणालो, "नाही. गाडी चालू होती, तिचाच आवाज असंन."

पंप बसवायचं काम माझं होतं. तानाबाई पायाला पट्टी बांधून समोर बसली होती. ही दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दोन्हींच्या आड मी लपलो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि बॅग उचललीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आणखी एक. पहिल्या पत्रात लिहिलं की पेचकस लावला आणि बेअरिंगं बदलून आलो. पेचकस लावला तेव्हा मोटरच्या पोटात काही नव्हतं. साफ होतं. मला त्याच वेळी कळलं, तरी बदललं. एकदा चारचौघांत "ऐकलं नाही" म्हटलं की कानसुद्धा मालकाची बाजू घेतो. पंपानं तुझे बेडूक मारले असं मी धरून चाललो होतो. मेलेला कसा ओरडेल? म्हणून मोटर ओरडते. दोन वेळा बेअरिंगं बदलली, पण ऐकलं नाही.

आता अडचण. दोन वर्षांपूर्वी मीच पोडाला सल्ला दिला होता की कपारीचा दगड पाझरतो, शेवाळ होतं, त्याला सिमेंटचं अस्तर मारून टाका. ते काम मंजूर झालं. पाऊस उघडला की गवंडी येणार. बेडकासाठी थांबवा म्हटलं तर पोड विचारेल, कोणता बेडूक? तूच तर नाही म्हणाला होता. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा आहे. तेच मोहाचं झाड, तीच माणसं.

माझ्याकडे शाळा नाही, डिग्री नाही. लोक मोटर माझ्या हवाली करतात ते या कानांच्या भरवशावर. तो भरवसा मी स्वतःच खोटा आहे म्हणून सांगायचा.

पाहतो.

दादा


पांढरकवडा
१६ ऑगस्ट २०२५

विजू,

झेंडा झाला, मुलांना चिवडा वाटून झाला, झाडाखाली सतरंजी पडली. बादल म्हणाला, कोणाचा काही विषय? मी उभा राहिलो.  आभाळ भरलेलं होतं.

म्हणालो, "सिमेंटचं काम थांबवा. त्या दगडावर माझ्या बहिणीचा बेडूक आहे. तीन वर्षांपूर्वी याच झाडाखाली तुम्ही मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. मले ऐकू आलं होतं, तिच्याही आधी."

 एक बकरी सतरंजीचं टोक चावत होती, तिला कोणी हाकललं नाही. मग हसण्याचा आवाज आला. भुरीबाई. पदर तोंडाला लावून.

"आमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुले आलं होतं ऐकू ते. खोटं बोलताना तू डावा कान खाजवते."

सगळे हसायला लागले. तानाबाई म्हणाली, "बेअरिंगचं सांगताना बी खाजवत होता."

मी चिडलो, खरं सांगतो. तीन वर्षं मी एकटा उरावर घेऊन फिरलो ते सगळ्या पोडाला माहीत! "मंग तवा बोलल्या काहून नाही?"

भुरीबाईचं हसू थांबलं. "आमाले का ऐकू येत नव्हतं, बाबू? जलमापासून येते. पोरीनं इचारलं, आमी खाली पाह्यलं. पाणी पायजे होतं. हिचा पाय मोडला होता, उद्या दुसरीचा मोडला असता. तू खोटं बोलला, आमी चूप राह्यलो. पाप काही तुह्या एकट्याचं नाही, उगाच सारं आपल्याच नावावर करू नको."

"मंग पंप रडते म्हणून मला कायले बोलावलं?"

"दगड रडते म्हटलं असतं, तर तू आला असता का? तिसऱ्या खेपेले तू मोटर खोलून दगडाकडं पाहत बसला, तवा म्हटलं, पडला उजेड."

बादलनं विचारलं, पंप बंद करावा लागेल का? मी सांगितलं, नाही. ढग आले की तो आपोआप थांबतो, आणि ढग आले की बेडूक बोलतात. दोघांच्या पाळ्या आधीच ठरलेल्या आहेत. फक्त सिमेंट नको, आणि सकाळची गुंडी चालू राहू दे.

"ते तू सांगून चालू नव्हतं," भुरीबाई म्हणाली, "तू सांगून बंद बी झालं नाही."

सिमेंटचं काम रद्द. ठराव झाला, अंगठे-सह्या झाल्या. येताना माझी पाटी खरवडली आणि उरलेल्या लाल रंगानं नवी लिहिली: पहिली गुंडी दगडाची. तानाबाईनं मोठ्यानं वाचून दाखवली. भुरीबाई म्हणाली, अक्षर बरं आहे.

वनखात्याच्या परवानगीचं अर्पिता बोलली. खोली झाडून ठेवली आहे. हे नुसतं सांगितलं.

दादा


पांढरकवडा
२ ऑक्टोबर २०२५

विजू,

तू जाऊन नऊ दिवस झाले. पोचल्याचा फोन केलास, मी उचलला नाही असं समजू नको. मी पोडावर होतो, तिथं टॉवर नाही. हिशेब बरोबर झाला म्हण.

तू इथं होतीस ते पाच दिवस मी तुला फार काही बोललो नाही. बोलू नको अशी तुझी सूचना होती. आता लिहितो.

तू चार नर परवानगीच्या कागदाप्रमाणे घेतलेस, तेव्हा मी बाजूला उभा होतो. तू त्यांना औषधाच्या पाण्यात झोपवलंस, मांडीवर पट्टी ठेवून लांबी-रुंदी मोजलीस, पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीस.  बाटली मी धरली होती. त्यातला एक तो शेवटी वर जाणाऱ्या किर्रचा होता. मी ओळखला, तुला सांगितलं नाही.

तू म्हणालीस, "दादा, याचं नाव लागलं की पुढं कोणालाही शंका आली, तर याच्याशी ताडून पाहतील. शंभर वर्षांनीसुद्धा."

मी म्हणालो, "त्याले विचारलं का?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाईची गुंडी मागून घेतलीस, भरलीस आणि कड्यावरून दगडावर ओतलीस, आणि तशीच उभी राहिलीस. एवढी शिकलेली माझी बहीण. भुरीबाई माझ्या कानाशी म्हणाली, "आता हिचं पोट नाही बिघडणार."

आणि ती दुपार. ढग आले, पंप थांबला. तू पेचकस मागितलास. टोक दगडाला, मूठ कानाला, डोळे बंद; सात वर्षांची होतीस तशीच. बराच वेळ. मग म्हणालीस, "दादा, ह्याच्या पोटात किती आहे!" मी तोंड फिरवलं. घाम आला होता.

काल गेलो होतो. तू नेलेल्या चौघांच्या जागा मोकळ्या असतील असं वाटत होतं. मोजले. अकरा. पाच जुने, सहा नवे आवाज. एक अगदीच कच्चा, टिक, टिक म्हणतो आणि किर्रवर अडकतो. जुलै महिन्यात झटके देत चढत होती त्या पिल्लांतलाच असेल. त्या दगडाकडे मी आता पाठ करून बसत नाही.

बेडकाच्या नावाचं छापून येईपर्यंत सांगता येत नाही म्हणतेस, नको सांगू. माझं मात्र देऊ नको. नखाएवढ्या जिवाला "थूल" हे आडनाव फार जड होईल.

तू पाठवलेला फॉर्म भरला. तापमान, पाऊस, उंची, सगळं माझ्या वहीतून उतरवलं. एका रकान्यावर पेन थांबला: "या ठिकाणी आवाज पहिल्यांदा ऐकल्याची तारीख, आणि ऐकणाऱ्याचं नाव." तू तो रिकामा ठेवून पाठवलास. तारीख तुला पाठ आहे, तरी.

भरला. १८ जुलै २०२१, दुपारी साडेतीन, आभाळ भरलेलं, गाडी बंद. श्रावण थूल, मोटर मिस्त्री. खाली सही केली. डावा कान खाजवला नाही. हवं तर भुरीबाईला विचार.

आणि माझा पिवळ्या मुठीचा पेचकस तुझ्या सामानात गेला आहे. दुकानात दुसरे आठ आहेत, त्यानं काही ऐकू येत नाही. पोस्टानं पाठवू नको. जूनमध्ये घेऊन ये.

दादा